धाकार

१९६६ सालची गोष्ट. सोलापूरचा वैशाख तापला होता आणि आमच्या बाहेरच्या खोलीत ‘लीज’ या शब्दावरून जुंपली होती.

“भाडेपट्टा!” अण्णा म्हणत होते. “भाडं सगळ्यांना कळतं, पट्टा सगळ्यांना कळतो. आणखी काय हवं?”

“आणि भाडं घेतलंच नसेल तर?” खुपेरकर वकिलांनी विचारलं. “नुसतीच राहायला दिली असेल जागा, तर?”

“मग ती लीज नव्हे, मेहरबानी. तिला कायदा कशाला लागतोय?”

मी चहाचे कप तिपाईवर ठेवले आणि पडद्याआड आले. आत शरयू तोंडावर पदर दाबून हसत होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हायस्कुलात जन्मभर संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्या दिवसांत कारभार मराठीत आणायचं वारं होतं, आणि पुण्याच्या एका प्रकाशकानं कोर्टातल्या इंग्रजी शब्दांचा लहानसा मराठी कोश करायचं काम अण्णांवर सोपवलं होतं. इंग्रजी शब्दाचा कायद्यातला अर्थ वकिलांनी समजावून सांगायचा आणि मराठी शब्द अण्णांनी पाडायचा, अशी वाटणी होती. शब्द ‘पाडणं’ हे अण्णांचंच बोलणं. टांकसाळीत नाणं पाडतात, तसा.

माझं नावही त्यांनीच पाडलं होतं. माहेरची मी गोदा, मंगळवेढ्याची. लग्नात यांनी तांदळात अंगठीनं ‘ऋजुता’ लिहिलं, ते अण्णांनी सांगितलेलं. शेजारच्या बायकांच्या जिभेला ते काही वळेना. त्यांनी माझी ‘रुजूबाई’ केली. सासरी रुजू झाले, म्हणून रुजूबाई. शरयू मला चिडवायची, “वहिनी, तुमची बदली कधी हो?”

शरयू माझी एकुलती एक नणंद. तेव्हा एकोणीस वर्षांची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात बायका अशा आम्ही दोघीच. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणे आणि स्वयंपाकघरात शरू.

घर भाड्याचं. एकामागे एक तीन खोल्या: बाहेरची, मधली आणि स्वयंपाकघर. मागे चिमूटभर परसू, त्याला तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या भिंती. घराबाहेर पडायचं तर वाट एकच, बाहेरच्या खोलीतून, आणि तिथं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत अण्णा आणि वकील शब्द पाडत बसलेले. आम्हाला कुणी अडवत नसे. अण्णा नुसती मान वर करून विचारत, “कुठं?” त्या एका शब्दात राग नसे, संशय नसे. पण त्याला उत्तर द्यावं लागे. देण्यासारखं उत्तर नसलं की आम्ही पायातल्या चपला काढून परत आत यायचो.

आत आमचा वेगळा कारखाना चाले. सुरुवात टिंगलीनं झाली. बाहेर अण्णांनी ‘प्रतिज्ञापत्र’ म्हटलं की आत शरयू काहीतरी पाडायची. एकदा मी डाळ आणायला मधल्या खोलीत गेले आणि उंबरठा ओलांडताच कशाला आले तेच विसरले. परत येऊन सांगितलं तर म्हणाली, “रानात जशी रानभूल लागते ना, तशी तुम्हाला दारभूल लागली.” ताटलीत शेवटचा एक लाडू उरतो आणि भिडेपोटी कुणीच उचलत नाही, त्याचं नाव लाजघास. पानं वाढल्यावर कडी वाजते आणि कुकरात भात बेताचाच असतो, तेव्हा छातीत होते ती पाहुणधाप. एके सकाळी हे छत्री घ्यायला आत आले, गोंधळून उभे राहिले आणि म्हणाले, “दारभूल लागली बघ.” आम्ही दोघी चुलीपाशी गडाबडा लोळायच्या बाकी राहिलो. शब्द कुठून आला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गुरुवारी विजापूरचे मुजुमदार शरयूला बघायला आले. मुलगा वामन, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. मुलगा चांगला होता. हे आधीच सांगते, कारण पुढे सोलापुरातल्या लोकांनी त्याच्यावर नाही नाही ते लादलं. त्यानं पोहे आवडीनं खाल्ले, शरयूला काय वाचायला आवडतं ते विचारलं, आणि ती बोलेपर्यंत थांबला. त्याची आई मला म्हणाली, “तुमचं काम फार स्वच्छ हो,” आणि फोडणीची कृती विचारून घेतली. देण्याघेण्याचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

ते गेल्यावर अण्णांनी शरयूला बाहेर बोलावलं. हे खुर्चीत होते, वकील गादीवर. मी पडद्याशी उभी.

“आमच्या घरी मुलीला विचारल्याशिवाय उत्तर कळवत नाहीत,” अण्णा वकिलांकडे बघून म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “शरू, स्थळ चांगलं आहे. माणसं सालस आहेत. खरं सांगू, मला तर फार दिवसांनी असा आनंद झाला. तुझी आई असती तर आज... असो. तुझा होकार आहे ना?”

“हो,” शरयू म्हणाली.

“मोकळेपणानं सांग हं.”

“हो, अण्णा.”

अण्णांचे डोळे भरून आले. वकिलांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. हे उठून पेढे आणायला गेले. पुढच्या आठवड्यात साखरपुडा करायचं ठरलं, आणि लग्न ठरलेल्या मुलीनं उन्हातान्हात हिंडू नये म्हणून शरयूचं लायब्ररीत जाणंही त्याच दिवशी बंद झालं.

त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही. म्हणजे ‘मीठ कुठाय’ एवढं बोलायची. एकही नवा शब्द पाडला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही कुरडयांचा चीक शिजवायला घेतला. भिजवून वाटलेल्या गव्हाचा तो चीक एकदा आधणात पडला की हात थांबवता येत नाही. थांबलात की गुठळ्या होतात, तळाला लागतो. शरयूनं पातेलं फडक्यानं धरलं होतं आणि मी लाकडी चाटूनं घोटत होते.

“वहिनी, मी हो म्हणाले ना?”

“म्हणालीस की.”

“तुम्ही ऐकलंत?”

“मी ऐकलं, तुझ्या दादानं ऐकलं. एका कानानं बहिरे असून वकिलांनीसुद्धा ऐकलं.”

ती हसली नाही. “मला नकोय,” ती म्हणाली.

मी हात थांबू दिला नाही. “मुलगा आवडला नाही?”

“मुलगा चांगला आहे.”

“मग? दुसरं कुणी मनात...?”

“छे हो. असतं तर बरं झालं असतं. कारण तरी मिळालं असतं.”

“मग तुला हवंय तरी काय?”

“बघा! तुम्हीसुद्धा तेच. काय हवंय ते मला ठाऊक नाही. ते ठाऊक नसलं तर नकोय म्हणायची सोय नाही का?”

चीक आता दाटायला लागला होता. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“मग परवा नाही म्हणायचंस, बाई.”

“कुठं म्हणू? त्या बोलण्यात ‘नाही’ला जागा होती? स्थळ चांगलं, माणसं सालस, मला आनंद झाला, तुझी आई असती तर. आणि वर ‘होकार आहे ना?’ माझ्या वाट्याचा ‘ना’सुद्धा त्यांनीच वापरून टाकला.”

मला हसू आलं. “म्हणजे तो होकार नव्हताच,” मी म्हणाले.

“नकारही नव्हता.”

“मग काय होतं ते?”

बाहेर अण्णा मोठ्यानं कुठलासा शब्द घोळवत होते, तसंच आमचंही सुरू झालं.

“भीतीनं दिलेला,” मी म्हणाले. “होकार, तसा भीकार.”

“भिकार तर आहेच!” ती फस्‌कन हसली. दोन दिवसांनी पहिल्यांदा. मग तिनं मान हलवली. “पण भीती नाही हो वहिनी. अण्णांची मला कधीच भीती वाटली नाही. त्यांच्या खांद्यावर बसून मी गड्ड्याची जत्रा बघितलीये. कधी बोट लावलं नाही त्यांनी मला.”

“भीती नव्हे. धाक म्हण.”

“धाक,” ती म्हणाली. आणि मग, बोटावर घेऊन मीठ चाखावं तसं हलकेच, “धाकार.”

बाकीचे शब्द पडले की आम्ही हसायचो. या शब्दाला कुणी हसलं नाही.

“होकार, नकार, धाकार,” ती पुन्हा म्हणाली. तिचे हात पातेल्याला तसेच होते, पण नजर कुठंतरी मागे गेली होती. “इंटरनंतर कॉलेज सोडलं ना मी. अण्णा ‘आता पुरे ना?’ म्हणाले. मी हो म्हणाले. तो धाकार. पेटी शिकायची होती तर मास्तर सतारीचे आणले. तुला सतारच आवडते ना? हो. धाकार. आणि दादा! दादाला पोस्टात कुठं जायचं होतं? त्याला फोटोचा स्टुडिओ काढायचा होता. पुण्याला जाऊन शिकायचं सगळं ठरवलं होतं त्यानं. तुम्हाला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. लग्नाला पाच वर्षं होत आली होती. यांनी कधी फोटोचा फ सुद्धा काढला नव्हता.

“मला वाटायचं मी दुबळी आहे,” शरयू म्हणाली. “वाटायचं, प्रत्येक वेळी हो म्हणते आणि मग रडते, मलाच माझं कळत नाही. पण हे सगळं एकच आहे, वहिनी. वेगवेगळं नाहीये. याला नाव आहे.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “तुमचा आठवतो एखादा?”

“चीक लागला बघ,” मी म्हणाले आणि पातेलं खाली उतरवलं.

खरोखरच लागला होता. त्या वर्षीच्या कुरडयांना करपट वास आला, आणि सबंध वर्षभर ताटात कुरडई पडली की हे नाक मुरडायचे.

त्याच दिवशी दुपारी मी पन्हं केलं. पेल्यांचा ट्रे घेऊन शरयू बाहेर गेली. मी पडद्याशी थांबले होते, रिकामे पेले परत घ्यायला.

“हा एक शब्द छळवादी आहे,” वकील म्हणत होते. “अनड्यू इन्फ्लुअन्स. मारलं, धमकावलं, तर ती जबरदस्ती. ते वेगळं. इथं तसलं काही नाही. पण समोरच्या माणसाचं वजनच असं, बाप असेल, गुरू असेल, डॉक्टर असेल, की त्याच्यापुढे नाही म्हणणं होतच नाही. अशानं मिळवलेली संमती कायदा धरत नाही.”

“दडपण,” अण्णा म्हणाले.

“दडपण हे आणणाऱ्याचं झालं हो. मला या बाजूचा शब्द हवाय. जो हो म्हणतो, त्याच्या त्या ‘हो’चं नाव काय?”

“अस्वेच्छासंमती?”

“साक्षीदाराचे दात पडतील, अण्णा!”

“दाबानुमती...”

“तो पळूनच जाईल.”

“धाकार,” शरयू म्हणाली.

वकिलांनी बरा कान पुढे केला. “काय म्हणालीस?”

“धाकार. होकार, नकार, तसा धाकार.”

अण्णा लोडाला टेकले होते ते सरळ झाले. मग उठून उभेच राहिले. “होकार, नकार, रुकार, हुंकार... धाकार!” त्यांनी टाळी वाजवली. “अहो, ऐकताक्षणी कळतो! समजावून सांगावा लागत नाही. खुपेरकर, इतकी वर्षं शिकवलं, एका पोरानं मला असा शब्द दिला नाही. कुठं सापडला गं तुला?”

“घरातच पडला,” शरयू म्हणाली.

“घरात! बघा! माझी मुलगी आहे!” अण्णांचा चेहरा इतका फुलला होता, की गुरुवारचा आनंद त्यापुढे काहीच नव्हता. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. कोशात घ्यायच्या शब्दाचं आधी वाक्य करायचं, हा त्यांचा नेम होता. वाक्यात जो उभा राहत नाही तो शब्द मेलेला, असं ते म्हणत. “कर बघू वाक्य,” ते म्हणाले. “सोपंसं. रोजच्या व्यवहारातलं.”

ती काय बोलणार ते मला पडद्याआड कळलं. तिला हाक मारून आत बोलवावं, दूध उतू गेलं म्हणावं, काहीही म्हणावं, असं मनात आलं. पण मी पडदा धरून उभीच राहिले.

शरयूनं ट्रे तिपाईवर ठेवला. पदरानं हात पुसले.

“गुरुवारी तुम्ही मला विचारलंत, अण्णा, तेव्हा मी दिला तो होकार नव्हता. तो धाकार होता.”

वकिलांनी पन्ह्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या मांडीवरच होती. “येतो मी, अण्णा. ऊन उतरलंय,” ते म्हणाले. बाहेर रस्ता तापलेल्या तव्यासारखा होता. पण त्यांना कुणी थांबवलं नाही.

अण्णा उभेच होते. “मी कधी तुझ्यावर हात उगारला?” त्यांनी विचारलं.

“नाही, अण्णा.”

“आवाज चढवला?”

“नाही.”

“मग धाक कसला, बाळ?”

“तुम्हाला वाईट वाटेल याचा.”

अण्णा खाली बसले. समोरचा पेला त्यांनी उगीचच इकडून तिकडे सरकवला. “ते आता वाटलंच आहे,” ते म्हणाले. “आता सांग.”

“नको,” शरयू म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द सगळे नीट आले. “मला हे लग्न नकोय, अण्णा.”

ती आत आली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. रोज तिथल्या बडबडीचा कंटाळा यायचा. त्या दिवशी ती शांतता मला सोसेना.

संध्याकाळी हे पोस्टातून आले आणि सगळं कळल्यावर भडकले. “कारण काय? कारण सांग ना. मुलगा वाईट आहे? घर वाईट आहे?”

“नाही,” शरयू म्हणाली. “कारण नाहीये, दादा.”

“कारण नाही म्हणजे काय? मुजुमदारांना काय सांगायचं? गावात काय सांगायचं? उद्या लोक म्हणतील, पोरीतच काही खोट असेल.” मग ते माझ्याकडे वळले. “आणि हे शब्द पाडायचं खूळ हिच्या डोक्यात तूच भरवलंस. आत बसून दुसरं काय सुचणार तुम्हाला?”

“मनोहर,” अण्णा म्हणाले. दुपारपासून ते पहिल्यांदाच बोलत होते. “तुला पोस्टात जायचं होतं ना रे?”

अण्णांनी ओठ मिटले. तोंडातून काही चुकून निसटावं आणि ते परत घ्यावं, तसे. मग त्यांनी नव्यानं विचारलं, शब्द एकेक ठेवत. “तुला पोस्टात जायचं होतं, की नव्हतं?”

“आता त्याचं काय, अण्णा?”

“काही नाही. मी तेव्हा विचारलं नव्हतं. म्हणजे, विचारलं होतं. विचारलं होतं असं मला वाटत होतं.”

हे बूट न काढताच परसात जाऊन उभे राहिले. परसात बघण्यासारखं भिंतीपलीकडे काही दिसत नसे. तरी बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अण्णा विजापूरला गेले. पत्र टाका, असं हे म्हणत होते. “पत्रानं होकार कळवतात,” अण्णा म्हणाले. “हे तोंडानं सांगायला हवं.” मी त्यांना दशम्या बांधून दिल्या. दारात चपला घालताना त्यांनी शरयूच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

ते गेल्यावर मी यांचा चहा मधल्या खोलीत नेला. रविवार असून हे उगाच दाढी करून, शर्ट घालून बसले होते.

“अगं,” ते म्हणाले, “लग्नाच्या वेळी तुला विचारलं होतं?”

“विचारलं होतं की.”

“मग...” कपाच्या कानात त्यांचं बोट अडकल्यासारखं झालं. “तुझा होकारच होता ना?”

त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. आदल्या संध्याकाळपासून त्या माणसाचं निम्मं आयुष्य कुणीतरी हातातून काढून घेतलं होतं. उरलेलं निम्मं ते माझ्यापुढे धरून बसले होते.

“इश्श,” मी म्हणाले. “होकारच होता.”

त्यांनी चहा एका दमात प्यायला. कप परत देताना हसले. मी कप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि उंबरठ्यावर उभी राहिले. कशाला आले होते ते आठवेना. पण ती दारभूल नव्हती.

मंगळवेढ्याला मला बघायला तिघे आले होते. मान वर करायची नाही अशी ताकीद होती, म्हणून मी पायच बघितले. एकाच्या पायात नवे करकरीत बूट होते, तोच मुलगा, असं मी धरलं. तो खळखळून हसला तेव्हा तर मला बरंच वाटलं. मामानं माजघराच्या दारातून विचारलं, “गोदे, पसंत आहे ना?” मामाच्या मागे माझे वडील उभे होते, आणि वडिलांच्या मागे माझ्या दोन धाकट्या बहिणी. मी हो म्हणाले. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर दुसराच माणूस होता. बूटवाला यांचा मित्र होता. लग्नात वाढायला होता तो.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. शब्द शनिवारी पडला.

अण्णा रात्रीच्या गाडीनं परत आले. मुजुमदारांनी कारण विचारलं. अण्णा म्हणाले, “मीही विचारलेलं नाही.” त्यावर वामनच्या वडिलांनी त्यांना पाणी दिलं, पण जेवायला थांबा म्हटलं नाही. वामन तेवढा स्टेशनपर्यंत पोचवायला आला. गाडी सुटताना म्हणाला, “सांगितलंत ते बरं केलंत.”

गावानं मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. पुढची कित्येक वर्षं शरयूला स्थळ आलं नाही. आलं तर बिजवराचं.

कोश दोन वर्षांनी छापून झाला. त्यात ‘गैरवाजवी दडपण’ असं आहे. धाकार नाही. वकील म्हणाले, घ्या, कोर्टात चालेल. अण्णा म्हणाले, मला त्याचं दुसरं वाक्य करता येत नाही. वकील त्यानंतरही रोज येत, पण पन्हं म्हटलं की नको म्हणायचे. ते आणि अण्णा एकाच वर्षी, १९७४ साली, गेले. अण्णा शेवटपर्यंत ‘कुठं?’ विचारायचे. पण आम्ही उत्तर दिलं नाही तर थांबवायचे नाहीत. आम्ही तशाच पुढे जायचो, आणि तरी पाठीवर काहीतरी असल्यासारखं वाटायचंच.

वामननं विजापूरच्याच मुलीशी लग्न केलं. पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला असं ऐकलं.

शरयू टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली, आधी सोलापूरला, मग लातूरला. चौतिसाव्या वर्षी तिनं तिथल्याच एका शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांशी लग्न केलं. पत्रिका छापायच्या आधी मला ट्रंक कॉल करून म्हणाली, “वहिनी, होकार आहे. दोनदा वाक्य करून बघितलं.” आता मास्तर नाहीत. ती लातूरला मुलीजवळ असते.

हे पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मुलानं त्यांना कॅमेरा आणून दिला. तो त्यांनी एकदाही पेटीतून बाहेर काढला नाही. माणूस म्हणून सरळ. माझ्या आजारपणात डोकं चेपायचे, माझ्याशिवाय जेवायचे नाहीत. त्या रविवारचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. तेराव्याला शरयू आली होती. बाहेर माणसं जमलेली, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात पाटावर.

“वहिनी,” ती म्हणाली, “चीक करपला त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुमचा कुठला?”

“लग्नाचाच,” मी म्हणाले. “धाकार.” तो शब्द मी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटला. यांना ऐकू जाईल की काय, म्हणून नकळत मान वळवून बघितलं.

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, “आणि नंतरचं? एवढ्या वर्षांचं?”

मी आठवून बघितलं. ताप आलेला असताना कपाळावरचा त्यांचा हात आठवला. ‘कुठं?’ असं अण्णांसारखंच विचारायला लागले होते, तेही आठवलं. दोन्ही खरं होतं. एकात दुसरं विरघळत नव्हतं.

“त्याला शब्द नाही, शरू.”

“पाडू या?”

“नको,” मी म्हणाले.

तिनं कारण विचारलं नाही.